बागेतली रोवणी

अरे, चहा ओता आधी, मग सांगतो माझ्या बागेचं काय झालं ते. आमच्या कुडवा गावातल्या गल्लीत पाणी तुंबायचं. बंगळुरूहून शिकून परतल्यावर मी रस्त्याकडेला एक खोलगट बाग केली, म्हणजे पावसाचं पाणी तिथे जमून जमिनीत मुरेल. पाणी मुरलं नाही तर फोनवर घंटी वाजावी म्हणून यंत्रही बसवलं. गल्लीतल्या पटलेकाकांनी तेव्हाच दम दिला होता, "पाणी थांबलं तं मुरूम टाकून बुजवीन. मच्छर पोसाचे नाही आपल्याले."

जुलैत घंटी वाजली ती थांबेचना. धावत गेलो, तर शेजारच्या शांताकाकू साडी खोचून बागेत धानाचे पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, लावत होत्या.

"काकू, हे काय करून राहिल्या?"

"एवढी चांगली धानाची बांधी काऊन पडीत ठेवली रे बाबू? पाणीच थांबे ना तिच्यात. मंग मीच चिखल केला मस्त. आता पाय, थेंबभरही जाऊन नाही राहिलं."

तेवढ्यात मुरमाचं घमेलं घेऊन पटलेकाका आलेच. पऱ्हे पाहून जागीच थबकले.

मी हताश होऊन म्हटलं, "टाका काका."

"पागल झाला का? लावल्या धानावर मुरूम टाकते का कोणी?" घमेलं घेऊन ते परत गेले.

बाग वाचली म्हणून मी सुस्कारा सोडतोय, तोच काकू म्हणाल्या, "पाणी भरलं का तुह्या फोनले समजते ना? मंग उतरलं का मलेही सांगजो."