धोकादायक

अमेरिकेतल्या ट्रॉय शहराच्या नगरपालिकेत, कुंपणाच्या परवान्यासाठी, प्रतिमाताई रांगेत उभ्या होत्या. परदेशात मातृभाषा म्हणजे दार लावून घेतलेली खोली, अशा समजुतीतले एक मायलेक त्यांच्या पुढे होते.

"आई, अंगणातलं ते ओकचं झाड प्रोटेक्टेड आहे, तोडता येणार नाही म्हणतायत. आधी चेक केलं ते बरं झालं, नाहीतर पेनल्टी बसली असती."

"मग झालं तर. घरी चल."

"ऐक ना. झाड डेंजरस असेल तर तोडायचं परमिट देतात. घर तुझ्या नावावर आहे, म्हणून सही तुझी लागेल."

"धोका कोणाला आहे त्याचा?"

"घराला. वादळात पडलं तर?"

"आणि नाही पडलं, तर तुझी नवी खोली कुठे बांधायची, हाच ना धोका?"

"आई, हळू. लोक ऐकतायत."

"इथे कोणाला कळतंय, शंतनू? त्याच्या मुळाशी यांची राख आहे."

"बाबा असते तर हो म्हणाले असते."

"त्यांना विचारलं होतं कुणी? ते विसरायला लागले, तेव्हा डॉक्टरांना तूच सांगितलंस, गॅस चालू ठेवतात, घराला धोका आहे."

"केअर होममध्ये नीट काळजी घेत होते त्यांची."

"हिवाळासुद्धा निघाला नाही त्या काळजीत."

"आई, पुढचा नंबर आपला आहे. करतेस ना सही?"

"करते. त्यांना होममध्ये ठेवतानाही मीच केली होती. एवढंच सांग, मी किती विसरले म्हणजे धोकादायक होईन?"

शंतनूने पेनाचं टोपण काढून पेन तिच्या हातात दिलं.