आतली रेघ

न्हाय, बसायचं मग — आधी ही दोरी धरा. वही घाला खिशात. आसं, त्या खुंटीपाशी… ताठ वडा की, पाव्हणं! पेपरात लिव्हणाऱ्या माणसाचा हात लई नाजूक बघा. उद्या दिग्विजय यायचाय, सत्काराला, आन् सत्कार झाला की बापूसाहेबांनी त्याची म्याच ठेवलीया — एकट्याची, पुण्याच्या कुण्या पोराबरं. बापूसाहेब म्हंजी त्याचं वडील, हितं ह्याच कॉलनीत ऱ्हायचं, शेतकी अधिकारी व्हतं. त्यांनी सांगितलंच आसंल तुमाला, पोराला टेनिस मीच शिकिवलं म्हणून? सांगितलं ना? लिव्हा, लिव्हा. पोरगं त्यांचं हाय, त्यात वाद न्हाय. पन खेळ — खेळ ह्या गेणबाचा हाय.

हसू नका. हे कोर्ट कुणी केलं? मी. त्र्याऐंशी साली. मुरूम मी पसरला, रूळ मी वडला. आमी निरवांगीची, मेंढरामागची माणसं — ह्यो खेळ बघितलाय कुठं? मधली जाळी बघून मला वाटलं, कॉलनीतलं सायबलोक आता मेंढरं कोंडणार. त्यांनी नकाशाचा कागद दिला आन् चुन्याची चार पोती. कागदावर दोन्ही अंगाला दोन-दोन रेघा, एकीच्या आत दुसरी. म्हणलं छापणाऱ्याचा हात हालला आसंल! मेंढरं बसवली की भवतीनं वाघूर लावतो आमी, जाळी वो — एकच लावतो. आत दुसरी कोण लावतंय? मी बाहेरची मारली, आतली दिली सोडून. आन् कुणाच्या ध्यानात आलं? कुणाच्या बी न्हाय! सायबलोक खेळायचं चौघं-चौघं — एकट्यानं पळायचं तर प्वाट आवराय नको? आन् चौघांच्या खेळाला बाहेरचीच रेघ धरत्यात. आतली लागती ती एकास एक खेळताना. हे मला मागनं कळलं. लई मागनं.

उरल्याला चुना? …चुन्याचं कशाला लिवताय? उरला थोडा. दोन पोती. बरं, अडीच. त्याच महिन्यात पणदऱ्याचं पाव्हणं मला बघाय येणार व्हतं. घर पांढरंफेक केलं मी! सासरा दारातच म्हणला, पोरगी दिली. छबू, बायकू माझी, आजबी समजती, सायबांनी बक्षीस दिलता चुना. ऱ्हाऊ द्या ते.

तर दिग्विजय. शाळंच्या आधी यायचा, एकटाच. मी पलीकडनं बॉल टाकायचो. पार कडंला मारायचा, रेघंला चाटून — मी वरडायचो, आत हाय, परत मार! बारा वर्सांचा झाला आन् पुण्याला गेला स्पर्धेला, एकट्याच्या खेळात. तितं सगळं बॉल बाहेर. सगळं! भोपळा घिऊन आला. ह्याच रुळावर बसून रडला — मामा, तितं आत आजून एक रेघ हाय.

खरं सांगायचं व्हतं, तोंडापतुर आलतं. पन चुना भिंतीवर लख्ख दिसतोय, नोकरी कच्ची, छबूला सातवा महिना. मी म्हणलं, दिगू, पुण्यात जागा लई महाग. कोर्ट बारीक करत्यात ती लोकं. पटलं की त्याला! म्हणला, पन चौघं खेळताना पुरी जागा देत्यात, मामा. मग चौघांतच खेळ की, म्हणलं.

झालं! तेवढ्या एका बोलण्यावर सात वर्सं परदेशात खेळतोय. जोडीत जगात ऐंशीवा — तुमीच म्हणला मगाशी. जोडीदार आठ बदललं, मी मोजल्यात. एकटा खेळला की पैल्याच फेरीत घरी, आन् जोडीत त्यो कडंचा फटका मारला की गोरी लोकं इचारत्यात, कुठं शिकलास? कुठं शिकणार!

त्याला म्हाईत हाय का? …मला कधी बोलला न्हाय. दर दिवाळीला कार्ड येतं. खाली एकच वळ — 'मामा, पुण्यात जागा आजून महागच हाय का?' छबू म्हणती, चेष्टेखोर हाय पोरगं. कार्डं मातूर सगळी ठेवल्यात.

आन् आता बापूसाहेबांचा हुकूम — गेणबा, आतली रेघ मार, एकट्याची म्याच हाय. म्हणून तर तुमाला दोरी… थांबा जरा. उद्या सगळी कॉलनी बसणार. त्यो पयला फटका मारणार, त्योच, कडंचा. आन् मी काय म्हणायचं, बाहेर? हितं बी?

सोडा. सोडा म्हणतो ना दोरी! न्हाय मारत. बाकी जगात हाय ती रेघ सगळीकडं, हितं नको. बोलतील मला, बोलू द्या. माझ्या कोर्टावर त्याचा बॉल आतच पडंल. पुण्याच्या पोराचा बी पडू द्या, माझी ना न्हाय.

आन् त्या चुन्याच्या पोत्याकडं काय बघताय? दिवाळी आलीया, भिंती काळ्या पडल्यात. निघा तुमी, बारामतीची यष्टी चुकंल.