गाठीला लावलेलं कपाट

हॅलो?… हॅलो, कोण?… ताई, थांब, काही ऐकू येत नाही, ड्रिल चालू आहे… अहो मिस्त्री! एक मिनिट बंद करता का? फोन आहे!… हं. बोल आता.

कसलं झालंय गं! सकाळी म्हणाले दोन तासांचं काम. आता तीन वाजले दुपारचे. अख्खं स्वयंपाकघर माझ्या बैठकीत आलंय. पातेली सोफ्यावर, पिठाचा डबा टीव्हीपुढे. चहाचं भांडं तर गायबच आहे. सकाळपासून घशाखाली चहा नाही, त्यामुळे आधीच माझं डोकं फिरलंय, सांगून ठेवते.

तू आणि आई उद्या किती वाजता निघताय?… सातला? म्हणजे अकराला दारात… अरे देवा.

नाही, घाबरले नाहीये. चिडलेय. दोन्हीत फरक असतो.

काय झालं विचारू नकोस… म्हणजे विचार, नाहीतर मी सांगू कुणाला! नवरा सकाळीच ऑफिसला पळाला, 'तू आहेस ना बघायला' म्हणून. तर ऐक. भिंतीवर तीन कपाटं लावायची. दोन सरळ, एक कोपऱ्यातलं. बरोबर? मिस्त्रींनी आधी दोन्ही बाजूंची सरळ कपाटं ठोकली. अगदी भक्कम. मग कोपऱ्यातलं उचललं, तर ते आत जाईना!… अगं जाईल कसं? दोन्हीकडून वाट बंद. शेंबड्या पोरालाही कळतं की कोपरा आधी भरायचा आणि मग बाकीचं…

ते म्हणतात, तुमचं कोपऱ्यातलं कपाट अकरा वाजता आलं, तोवर मी काय हात बांधून बसू?

हो, अकरालाच आलं. मीच परत पाठवलं होतं ना. रंग जरासा… ताई, तू माझ्या बाजूने आहेस की मिस्त्रींच्या?

बरं, मग एक बाजू परत काढली. कोपऱ्यातलं बसवलं. दार उघडलं. खाड्! शेजारच्या दाराच्या मुठीवर आपटलं. मग ती मूठ काढून खाली लावली. वरची दोन भोकं बघत बसायची आता जन्मभर… नाही गं, सिनेमा नाहीये हा, तू हसू नकोस.

तेही सोड. ते सगळं मी पोटात घातलं. खरा घोळ पुढे आहे. ऐकतेस ना?… उंची चुकवली यांनी. उंची!

कशी म्हणजे? मी मघाशी साखरेचा डबा वरच्या कप्प्यात ठेवून बघायला गेले. माझी नुसती बोटं टेकतात गं. बोटं! डबा ठेवायचा तर मलाच उडी मारावी लागेल. आणि आई माझ्याहून चांगली चार बोटं बुटकी.

हो ना, तीच दोरी! तू मागच्या महिन्यात आणलेली. आपल्या घरात टेप असली तरी दोरीशिवाय कुणाचं समाधान होतं का? पडदे दोरीने, माझे फ्रॉक दोरीने, तुझ्या लग्नातलं स्टेजसुद्धा आईने दोरीने मोजलं होतं… तर आईने हात वर केला, तू जमिनीपासून तिच्या बोटांपर्यंत दोरी धरलीस, गाठ मारलीस. ती दोरी मी जशीच्या तशी यांच्या हातात दिली. म्हटलं, या गाठीला वरचा कप्पा. सूतभरही वर नको.

तेच तर! मला दोरी धरून दाखवतात, 'मॅडम, गाठीलाच लावलंय.' मी म्हटलं, तुम्ही ताणली असेल. तर म्हणे सुतळी आहे, ती कशी ताणेल? म्हटलं, गाठ सरकली असेल. तर गाठ माझ्या नाकापुढे धरली. मग मी… मी म्हटलं, तुम्हाला मोजताच येत नाही. ते म्हणाले, तीस वर्षं हेच करतोय. मी म्हटलं, मग तीस वर्षं चुकताय.

हो, बोलले… माहितीये गं जास्त झालं! तेव्हापासून माझ्याशी एक शब्द नाही. पाठ करून नुसतं ड्रिल चालू. आत्ता तेही बंद करून काहीतरी आवराआवर करतायत. मी पण वळून बघत नाहीये.

हळू का बोलू? माझ्या घरात मी…

सोपं नाहीये ताई. 'राहू दे तसंच' म्हणायला तुझं काय जातं? आई काय म्हणाली होती विसरलीस? 'आठ दिवस राहून बघते. एक जरी डबा दुसऱ्याकडून मागून घ्यावा लागला, तर माझं घर मला बरं.' असंच म्हणाली ना? आणि ती बोलते ते करते. नवव्या दिवशी पिशवी भरून दारात उभी राहील. मग? तुझी रजा संपली, तू परवापासून कामावर. तिकडे तिच्या घरी ती एकटी, आणि ते लंगडं स्टूल. त्याच स्टुलावरून पडली ना ती? एका डाळीच्या डब्यापायी खांदा मोडून दोन तास फरशीवर पडून होती. शेजारणीने दार वाजवलं म्हणून, नाहीतर… मला अजून ते डोळ्यांपुढे आलं की हातातलं काम सुटतं.

म्हणून हे कपाट, कळलं? हौस म्हणून नाही.

आणि हे बघ, आईला यातलं अवाक्षर सांगू नकोस. म्हणावं सगळं छान झालंय. ती आधीच काहीतरी कारण शोधत असणार, तुला माहितीये ती किती हट्टी…

हॅलो?… ताई? का गप्प झालीस?… तुझा आवाज असा घुमतोय का?… स्पीकरवर ठेवलायस? कधीपासून?… पहिल्यापासून! अगं मग तोंडातून सांगायला काय झालं होतं!

आई… हॅलो आई. काही नाही गं, थोडंसंच… हो. हो, ऐकलंस ते खरं आहे… 'हट्टी' म्हणजे तसं नव्हतं म्हणायचं मला… बरं, तसंच होतं… नाही, मिस्त्रींना तू कशाला काही बोलतेस, मी बघते त्यांच्याकडे… त्यांची चूक नाही? तुला काय माहीत त्यांची चूक नाही ते?

काय?

परत बोल.

टाचा?

आई, तू टाचा उचलल्या होत्यास?… मोजताना?… 'थोड्याशा' म्हणजे काय? टाचा थोड्याशा उचलल्या तरी उचललेल्याच असतात!

ताई! तू खाली बसली होतीस ना दोरी धरून? तुझ्या नाकासमोर होत्या तिच्या टाचा. दिसल्या नाहीत?… दिसल्या? आणि तू गाठ मारलीस?… आईने डोळे वटारले म्हणून? अगं, अठ्ठेचाळीस वर्षांची बाई तू, दोन मुलांची आई!

थांब, आईला बोलू दे… हं, आई. का पण? मला नुसतं एवढंच सांग, का?

… कोण उभं राहू देणार नाही? ओट्याशी?… ताई? ताईने दोन महिने तुला गॅसला हात लावू दिला नाही? चहासुद्धा नाही?… ताई, मध्ये बोलू नकोस, काळजीने केलंस, माहितीये मला…

मी? मी काय म्हणाले?… हो, म्हणाले होते. 'आता तू नुसतं बसून खायचं.' अगं, प्रेमाने म्हणाले मी ते!… तुला तसं नाही वाटलं… बरं. कळलं… नाही, खरंच कळलं.

म्हणजे खांदा बरा झाला नाही असं दिसलं असतं, तर आम्ही दोघींनी मिळून तुला खुर्चीत बसवून ठेवलं असतं. हे तुझं गणित… हं. चुकीचं नाहीये गणित.

आणि हात? कुठला हात वर केला होतास?… इकडचं तिकडचं सांगू नकोस. कुठला?… डावा. छान! मोडला उजवा, वर केला डावा, तोही टाचा उचलून. आणि मी सकाळपासून त्या भल्या माणसाला… आई, काय करू मी तुझं?

अजिबात नाही! स्टुलाचं नाव काढायचं नाही माझ्यापुढे!… ओरडत नाहीये… हो, ओरडले. भीती वाटते गं मला, म्हणून ओरडते. तू पडल्यापासून मी सगळ्यांवर ओरडतेय. रात्री फोन वाजला की उठून बसते. तुझं कपाट नीट व्हावं म्हणून किती दिवस मी दुसरं काही केलं नाहीये, आणि तू टाचा उचलतेस?

… नाही, चिडले नाहीये. म्हणजे चिडलेय, पण ऐक. ताई, शिलाईच्या डब्यातली टेप घे… दोरी नको, टेप! आई, भिंतीला पाठ लावून उभी राहा. पायांत काही नको. टाचा खाली. ताई, वाकून बघ, आणि या वेळी दिसलं तर तोंड उघड… टेकल्यात? दोन्ही?… आता उजवा हात. सावकाश… दुखेल तिथे थांब. मला खूश करायला वर नेऊ नकोस.

किती?

… ताई, नीट वाच… शेहेचाळीस इंच? अगं, तो तर खांद्याशीच थांबला… आई, एवढाच जातो? दोन महिने झाले तरी एवढाच?

आहे मी. लाईनवरच आहे… भुसाबिसा काही गेला नाही डोळ्यात. रडतेय. रडू दे की दोन मिनिटं.

… हं. झालं. बोल… शेहेचाळीसला भिंतीवर काय लावणार आता? तिथे तर ओट्याचा वरचा… थांब. थांब जरा. सकाळी मिस्त्री काहीतरी म्हणत होते…

अहो मिस्त्री! हे काय, निघालात?… पेटी ठेवा हो खाली. एक मिनिट. ऐका माझं… चूक तुमची नव्हती. माप चुकीचं होतं. दोरी आमच्याच घरातून चुकीची आली होती. मी तुम्हाला जे बोलले ते… ते मागे घेते. तीस वर्षांचंसुद्धा. चुकलं माझं. आई ऐकतेय, तिच्यासमोर सांगते…

हं, आहे, फोन चालूच आहे. आई, ते हसले. हसले म्हणजे, मिशी जरा हलली.

मिस्त्री, सकाळी तुम्ही म्हणत होता ते कोपऱ्यातलं… ताई, ऐक, सकाळी हे म्हणाले होते, कपाट टांगायचंच कशाला, कोपऱ्यात ओट्यावरच उभं करू. तिथे नाहीतरी कुणी काही चिरत नाही की कुटत नाही. आणि मी म्हटलं, शी, दुकानातल्या काउंटरसारखं दिसेल… हो, म्हटलं तसं. गप्प बस तू.

मोजतायत… ओटा तेहेतीस… वरचा कप्पा… काय सांगता? आई! शेहेचाळीसला येतो! बरोब्बर! हात नुसता पुढे करायचा, डबा हातात. वर करायचाच नाही.

भोकं? राहतील चार भोकं नव्या टाइल्सना. मुठीची दोन धरून सहा. राहू देत. मोजून ठेवते.

काय म्हणता, मिस्त्री?… आई, ते विचारतायत, दार कुठल्या हाताने उघडणार?… डाव्या. अहो, डाव्या म्हणतेय… म्हणजे बिजागऱ्या काढून दुसऱ्या बाजूला लावाव्या लागतील? लावा ना… त्यांचं म्हणणं, डावा हात दार धरेल, उजवा नुसता आत जाईल, झटका बसणार नाही. आई, आम्ही दोघी मुली असून तुला हे विचारलं नाही गं. एवढ्या दिवसांत एकदाही नाही. दोरी मागितली फक्त.

… हो, तुझे बावीसच्या बावीस डबे मावतील. आण सगळे… आणि चहा उद्या तूच कर. मला भांडं सापडत नाहीये, तू शोध.

बाकीची दोन? ती राहतील भिंतीवर. परत काढायला सांगितली तर मिस्त्री काम सोडून जातील. त्यात माझं सामान ठेवीन… हो, तुझ्या खोट्या गाठीलाच लागलीत तीही… नाही पोचत माझा हात. बघू काहीतरी. तू नको काळजी करूस.

काय आणतेस?

आई! आत्ता काय बोलले मी? ते स्टूल या घरात येणार नाही. मिस्त्री, सांगा हो तिला… नाही म्हणजे नाही!

… माझ्यासाठी?

… मी वर चढायचं आणि तू खाली धरणार?… कुठल्या हाताने?… डाव्या.

… आई.

टाचा टेकवून धरणार असशील तर आण.