नकाशावरचं कुंकू

मंडळी, आधी मला सांगा — डाग पुसणं चांगलं की वाईट? चांगलं! डोलल्या लगेच सगळ्यांच्या माना! थांबा, घाई करू नका. आमच्या कोपर्डे गुरुजींचं ऐका!

भिलवडीचे विश्वंभर कोपर्डे. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर वेड लागलं — जुन्या नकाशांचं! सत्तेचाळीसचा काळ आठवा — देश नुकता स्वतंत्र झालेला, संस्थानं विलीन होतायत, वर्षाला नवा नकाशा! ते पहिल्या वर्षांचे नकाशे गुरुजी हुडकून आणायचे, मैद्याची खळ करून मागं कापड चिकटवायचे, ओल्या बोळ्यानं डाग काढायचे. बायको म्हणे, "अहो, पोळ्या व्हायच्यात अजून, नि शेगडीवर तुमची खळ रटरटतेय!" हसताय काय? तुमच्याकडं वेगळं आहे का?

भिंतीवर बारा खिळे. अकरांवर नकाशे, लख्ख! बारावा रिकामा — अगदी पहिल्या वर्षाचा नकाशा मिळेना हो! आणि निघाला कुठं? गल्लीतच! त्र्याऐंशी वर्षांच्या सगुणाआत्यांच्या माळ्यावर! आत्या म्हणाल्या, "ने बाबा, नीट कर, तुझ्याकडंच ठेव. मी आता किती दिवसांची?"

गुरुजींना स्वर्ग दोन बोटं उरला! नकाशा पसरला, कापड लावलं. कृष्णेच्या काठाला एक तांबडा डाग. बोळा भिजवला, टेकवणार — तेवढ्यात आत्या दारात!

"विशा, हात काढ!"

"आत्या, डाग आहे गं तो."

"डाग? माझ्या आईचं बोट आहे ते!"

काय झालं होतं — ऐका! स्वातंत्र्याच्या त्या वर्षी आत्यांच्या वडिलांनी हा नकाशा घरी आणला. आईनं विचारलं, "आपलं गाव कुठंय यात?" वडील म्हणाले, "एवढंसं गाव कोण छापतंय? पण असेल इथंच, नदीपाशी." तर त्या माउलीनं देवापुढचं कुंकू घेतलं आणि गावाला लावलं! त्याच थंडीत ती गेली. घरात तिचा एक फोटो नाही.

आत्यांनी डागावर, न टेकवता, आपलं बोट धरलं. डाग झाकूनच गेला. म्हणाल्या, "केवढंसं बोट रे तिचं! बावीस वर्षांची तर होती पोर."

त्र्याऐंशी वर्षांची लेक आपल्या आईला पोर म्हणतेय हो!

गुरुजींनी बोळा बाजूला ठेवला. भिंतीवरच्या त्या अकरांकडं बघत म्हणाले, "आत्या, ह्यांच्यावर कुणाकुणाची बोटं असतील गं? मी कुणालाच विचारलं नाही."

नकाशा त्यांनी स्वतः नेऊन आत्यांच्या भिंतीवर लावला. बारावा खिळा आजही रिकामा आहे. कुणी विचारलं तर सांगतात, "तो आहे. त्याच्या घरी आहे."

दिवाळी तोंडावर आलीय, मंडळी! भिंती रंगवा, माळे झाडा. पण फडकं भिजवायच्या आधी घरातल्या म्हातारीला एकदा विचारा — हे कुणाचं गं? आणि विचारायला म्हातारी आहे ज्याच्या घरी, त्यानं आज टाळी जरा जोरात वाजवावी!