घरात वातावरण पाहिजे!

आता तो बॅनर बघा की, तुमच्या डोक्यावरचा! फोटो कुणाचा? माझ्या अपेक्षाचा. दहावीला ब्याण्णव टक्के. पोरीनं नाव काढलं, लई आनंद आहे... पण खाली लिहिलंय काय? ‘घरातल्या वातावरणाचा विजय!’ कुणाच्या घरातल्या? विचारा ना प्रणय सरांना! नाय नाय सर, तुम्ही बसा, शाल राहू द्या खांद्यावर, नारळ पण धरतो मी, पण बोलायला तुम्हीच उभं केलंय मला. ‘रामकिसनराव, नवीन पालकांना जरा मार्गदर्शन करा!’ आता करतोच. मागल्या वर्षी दिवाळीनंतर मी पण ह्याच क्लासच्या ह्याच हॉलमध्ये बसलो होतो, त्या पंख्याखाली, जिथं ते निळ्या शर्टातले भाऊ मान डोलवायलेत ना, तिथंच. मी पण अशीच डोलवली होती, भाऊ!

तुम्हाला सांगतो, सर तेव्हा इथं उभे राहून म्हणले, “पालकहो, शिकवायचं काम आमचं. पण पोरगं शिकतं कशावर? हुशारीवर? नाही! पुस्तकावर? नाही! घरात वातावरण पाहिजे!” असं बोट वर करून. अन् मग एकेकाला उठवून विचारायला लागले. मला म्हणले, “मुलगी अभ्यास कशी करते?” मी आपला कौतुकानं सांगायला गेलो, सर, ती हॉलमध्ये फेऱ्या मारत मोठ्यानं वाचते, तिकडं कुकर ओरडतोय, इकडं माझी माय टीव्ही बघतेय, धाकटी सायली दोरीवरच्या उड्या मारतेय, अन् ही मधूनच आजीला थांबवून सांगते, ‘आजी, ऐक, हृदयाला चार कप्पे असतात,’ माय म्हणते, ‘असतील बाई, तू तेवढी सर टीव्हीसमोरून...’ सगळे पालक हसले. सर नाय हसले. सर म्हणले, “मोठ्यानं? टीव्ही चालू? रामकिसनराव, ते घर आहे का शहागंजचा बाजार?” खाली बसलो मी. अशी शरम वाटली! आपण आपल्याच हातानं पोरीचं वाटोळं करायलोत, असं वाटलं.

आता माझी कथा काय आहे बघा. मी चिकलठाण्यात कंपनीत, प्रेस मशीनवर. शिक्षण आयटीआय. पोरगी नववीत होती तोवर गणित बघायचो मी तिचं, दहावीचं पुस्तक उघडलं अन् गपकन मिटलं. म्हणजे मी तिला द्यायचं तरी काय? शिकवता येत नाय, क्लासची फी भरून झाली, बदाम भिजत घालून झाले... मग सरांनी ही एक गोष्ट सांगितली, जी बापाला देता येते. शांतता! म्हणलं, हे जमतं आपल्याला. हे तर फुकट आहे! घरात वातावरण पाहिजे ना? देतो!

त्याच दिवशी टीव्हीवर चादर टाकली. माय म्हणली, “कोण गेलं रे?” म्हणलं, कुणी नाय गेलं, अपेक्षाची दहावी आहे. मायचं नाव मनकर्णाबाई, जन्म वेरूळचा, आवाज असा की फोनची तशी तिला गरजच नाय, पण ती लावते, अन् वेरूळ लांब आहे म्हणून अजून मोठ्यानं बोलते. तिला म्हणलं, माय, गच्चीवर जाऊन बोलत जा. गेली. आठ दिवसांत आख्ख्या बिल्डिंगीला कळलं की आमच्याकडं कुणाचं कुणाशी पटत नाय! सायलीची दोरी ठेवली कपाटावर. रूपालीला, म्हणजे आमच्या मंडळींना, सांगितलं, कुकरची शिट्टी नको. ती म्हणली, “अहो, मग वरण?” म्हणलं, उघड्या पातेल्यात शिजव, लोक आधी शिजवत नव्हते का? आधीच्या लोकांची डाळ वेगळी असेल भाऊ, आमची नाय शिजली. दोन-अडीच महिने आम्ही वरण चावून खाल्लंय. चावायचं पण हळू!

अन् पाणी! तुम्ही सगळे इथलेच आहात, तुम्हाला काय सांगू, आपल्याकडं पाणी येतं म्हणजे सण असतो. आलं की आरोळी ठोकायची, मोटर लावायची, ड्रम, बादल्या, पातेली, दिसंल ते भरायचं. आता आरोळी कशी ठोकणार? वातावरण! म्हणून मी ठरवलं, खुणा करायच्या. नळ सुरू झालेला मला दिसला, मी स्वयंपाकघराच्या दारातून रूपालीला अशी खूण केली, अंगठा तोंडाकडं. तिनं मान हलवली, गॅस पेटवला अन् चहा ठेवला! मी परत खूण केली, जरा जोरात. तिनं आलं टाकलं! तोवर मी उलट्या पावलानं मोटरपाशी गेलो, तर मोटरीचा आवाज होईल म्हणून बटनाला हात लावायची हिंमत होईना... अन् गेलं की पाणी! पुढचं पाणी येईपर्यंत मी कंपनीतून अंघोळ करून यायचो. सुपरवायझर म्हणायचा, “क्या रामकिसनभाई, घर में कुछ हुआ क्या?” म्हणलं, हौ, वातावरण हुआ है!

त्यात थंडीचे दिवस. आपल्या गावात घर असणं म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊकच आहे, आख्ख्या महाराष्ट्रातल्या नातेवाइकाला डिसेंबरातच वेरूळ बघायचं असतं, घृष्णेश्वराचं दर्शन घ्यायचं असतं, अन् उतरायचं कुणाकडं? आमच्या केसरबाई मावशी आल्या, जीपभर माणसं घेऊन, लातूरहून. दारातच मी तोंडावर बोट ठेवलं. मावशीचा चेहराच उतरला, पदर डोळ्याला लावला अन् मायला मिठी मारून हुंदके द्यायला लागली! तिला वाटलं, घरात काहीतरी झालंय. मागची माणसं पण चपला काढून रांगेत येऊन खाली माना घालून बसली. कुणी चहा घेईना! मी कानात जाऊन सांगितलं, मावशी, दहावी आहे दहावी. ती कानातच म्हणली, “मेल्या, मग पेढे द्यायचे का फुलं वाहायची?” अन् दोन दिवस ती सगळी माणसं घरात अशी बसली होती, लेण्यातल्या मूर्तींनी पण आमच्याकडं येऊन शिकावं!

एवढं करून पूर्वपरीक्षेचा निकाल काय? गणितात काठावर पास. विज्ञानात तेच. नववीला ऐंशीच्या खाली न आलेली पोरगी! मी धावत सरांकडं. म्हणलं, सर, हो का नाय सांगा, पोरगी नापास होईल का हो? सरांनी कागद बघितला, चष्मा काढला, पुसला, परत घातला, अन् म्हणले, “रामकिसनराव, वातावरण कमी पडलं.”

कमी पडलं! आता अजून काय करायचं? श्वास बंद करायचा का? पण बापाचं मन, भाऊ... घड्याळाचे सेल काढले. बेल काढली. मी चपला बाहेर जिन्यात सोडायचो अन् जिन्यातच अर्धा तास बसून मग घरात जायचो, दिवसभर मशीनचा दणदणाट ऐकलेला माणूस मी, घरात शिरलं की कानात नुसती शिट्टी वाजायची, कुकरची नव्हं, शांततेची! मी, रूपाली अन् माय पलंगावर ओळीनं बसायचो अन् अपेक्षाच्या बंद दाराकडं बघायचो. तिनं पान उलटलं की आम्हाला ऐकू यायचं. पान उलटलं, की आम्ही तिघं एकमेकांकडं बघून मान हलवायचो... चाललाय अभ्यास! खूप वेळ पान नाय उलटलं, की रूपाली दूध घेऊन आत. “झोपलीस का गं?” पोरगी काय बोलायची नाय. वाळली पार. माझ्याशी तर बोलणंच बंद झालं तिचं, अन् मला वाटायचं, वा, काय एकाग्रता आहे!

मग एक दिवस म्हणली, “पप्पा, मी क्लासनंतर सोनियाकडं जाते अभ्यासाला. शहागंजात.” सोनिया तिची वर्गातली मैत्रीण. मी विचारलं, तिथं वातावरण आहे का? म्हणली, “लई आहे.” जा म्हणलं. मी आपला सात वाजता क्लासच्या कोपऱ्यावर उभा राहायचो, ती चालत यायची, गाडीवर बसायची, घरी. एक गोष्ट मात्र लक्षात यायची, पोरगी रोज जरा पांढरी दिसायची. केसाला, भुवयांना. मी रूपालीला म्हणलं, अगं, अभ्यासानं पोरीचे केस पिकायला लागले! ती रडायलाच लागली. दुसऱ्या दिवशी मी शिफ्ट बदलून लवकर सुटलो अन् विचारत विचारत थेट सोनियाचं घर गाठलं.

घर कुठलं हो! पिठाची गिरणी!

सोनियाचे वडील संघपालभाऊ, गिरणी त्यांची. दोन चक्क्या चालू, पट्टा फडफड करतोय, जमीन थरथरतेय, बाहेर रस्त्यावर हातगाड्या, भोंगे, मटारवाला बोंबलतोय, दळणाचे डबे घेऊन बाया भांडायल्यात, ‘माझा नंबर आधी, माझा नंबर आधी...’ संघपालभाऊ नखशिखांत पांढरे, हात जोडून ओरडले, “जय भीम भाऊ! या! पोरी आत हैत!” मी ओरडलो, अभ्यास करायलेत का? ते ओरडले, “काय?” मी अजून जोरात, अभ्यास! ते म्हणले, “व्हय व्हय, बारीकच दळतो!”

मी डोकावलो. पोत्यांच्या थप्पीवर माझी पोरगी उभी, हातवारे करत, गळा काढून ओरडायली, “ब्राझीलमध्ये! ॲमेझॉनच्या खोऱ्यात! वर्षभर पाऊस पडतो!” खालून सोनिया ओरडते, “का पडतो?” “विषुववृत्ताजवळ आहे म्हणून!” अन् डबा घेतलेली एक बाई मधीच विचारते, “मग त्यांच्या नळाला रोज पाणी येत असंल का गं?” पोरगी हसली. पोटभर हसली हो! मी किती महिन्यांनी तिचा आवाज ऐकला माहितीय का? त्या पिठाच्या धुरळ्यात मी उभाच राहिलो. डोळ्यांतून पाणी आलं. पीठ गेलं होतं डोळ्यात, असं मी संघपालभाऊंना सांगितलं, पण ते पोरीचे बाप आहेत, त्यांना काय कळत नाय का?

गाडीवर मागं बसल्यावर तिनं सांगितलं. “पप्पा, रागवू नका. घरात तुम्ही सगळे गप्प बसून माझंच ऐकत असता. चुकायची पण भीती वाटते. मी मोठ्यानं चुकल्याशिवाय मला येतच नाय. गिरणीत मी काय बी चुकले तरी कुणाला ऐकू जात नाय.” आता बोला! मी तिला जगातली एकच गोष्ट देऊ शकत होतो, अन् तीच तिच्या नरड्याशी आली होती. गाडी चालवत मी फक्त म्हणलं, उद्या जाशील ना? म्हणली, जाईन. अन् मग रोज संध्याकाळी माझं एकच काम, घरातून दळण घेऊन जायचं अन् लांबून पोरीचा आवाज ऐकायचा. गहू संपले, ज्वारी नेली, ज्वारी संपली, तांदूळ नेले, शेवटी माय म्हणली, “रामकिसन, एवढ्या पिठाचं काय करू? भिंतीला लावू का?”

तर ही ब्याण्णव टक्क्यांची कथा. म्हणून म्हणतो, सर, बॅनरवर घरातल्या म्हणू नका, फार तर गिरणीतल्या म्हणा... अन् तुम्ही मंडळी, एवढंच ऐका, आपल्या पोराला विचारा, बाबा रे, तुला कसं येतं? गोंगाटात येतं का गपचूप येतं, चालत येतं का लोळत येतं? त्याला विचारा! कुणाचं बघून काय करू नका! कळलं ना?

हां, काय? बोला, निळा शर्ट... पत्ता? कशाचा पत्ता? गिरणीचा!

अरे देवा... भाऊ, मी एवढा वेळ काय बोंबललो? अन् लिहून घ्यायलेत सगळे! तिकडं त्या ताईंनी तर पेन मागितला... जा. जावा. पण काय उपयोग नाय, सांगून ठेवतो. निकालाच्या पेढ्यांसोबत आमची रूपाली बिल्डिंगीत सगळं बोलून गेली, झालं! चौथ्या दिवशी गिरणीत दहावीची पोरंच पोरं, थप्पीवर, डब्यांवर, दारात. बायांना दळण ठेवायला जागा नाय. औंदा आमच्या सायलीची दहावी, तिला मी विचारलं, तुला कसं येतं? म्हणली, ताईसारखंच. म्हणून तिला घेऊन परवा गेलो, सोबत पायलीभर गहू. बघतो तर काय, बाहेर पालक ओळीनं उभे, चपला हातात, तोंडावर बोट. आत चिडीचूप. संघपालभाऊ पायरीवर बसलेले, अंगावर पिठाचा एक कण नाय, ओळखूच आले नाय मला! मी विचारलं, भाऊ, लाइट गेली का? त्यांनी माझ्या कानाशी येऊन हळूच सांगितलं, “नाय हो भाऊ... गिरणी बंद करायला लावली ह्या लोकांनी. पोरं अभ्यासाला बसलीत, म्हणतात, वातावरण पाहिजे.”

गहू तसेच पडलेत. आम्ही आपला भात खातोय. हळू चावून.