भाऊजींचा पाय अन् गाडीची आयडलिंग

आमच्या एटापल्लीत जावयाले कोणी 'उठा' म्हणत नाई, मंग तो कुठीई बसो.

ताई-भाऊजीले सिरोंच्याले सोडाचं होतं, अन् गाडी थांबली का बंद पडे. चंद्रपूरच्या मेकॅनिकले फोन लावून मी थ्रॉटल, म्हंजे इंजिनात हवा सोडते ते झाकण, साफ केला. तो म्हणे, "आता चालू ठेवा. दहा मिनिटं ॲक्सिलेटरले पाय लावू नका, आयडलिंग, म्हंजे उभ्या गाडीत इंजिन चालाची गती, आपोआप बसते."

पण स्टेअरिंगवर भाऊजी. जन्मभर जुनी डिझेल जीप चालवलेली. रेस देतच राह्यले.

मेकॅनिकनं फोनवर आवाज ऐकला. "रेस कोण देऊन राह्यलं?"

"जावई," मी हळूच म्हटलं.

तो म्हणे, "मंग चहा मांडा."

आईनं हाक मारली, भाऊजी उतरले. त्यायचा चहा होईस्तोवर गाडी एका सुरात चालू लागली.

भाऊजी कप ठेवत म्हणाले, "पाह्यलं? रेस देल्ली म्हणून सुधरली."