गुडघ्यातली गादी

बिझर्त या बंदराच्या गावी दवाखान्यात सलवा आपली पाळी यायची वाट बघत बसली होती. डॉक्टरांकडून बाहेर आलेलं एक म्हातारं जोडपं तिच्या शेजारी येऊन टेकलं.

"ऐकलंस ना, हेदी? गुडघ्यातल्या गादीला रक्त पोचतच नाही म्हणे. पाय टेकला की ती दबते, उचलला की पाणी शोषून घेते. तेच तिचं जेवण."

"बरं, मग?"

"मग काय! ईदपासून खुर्चीत बसून उपाशी मारलंस तिला."

"दुखतं गं, झोहरा."

"आधीही दुखायचंच. तरी रोज बंदरापर्यंत जायचास."

"तेव्हा सोबत चालायला मुंजी जिवंत होता."

सलवाने उगाच आपल्या एक्स-रेकडे बघितलं.

"एवढं बोलायचात तरी काय वाटेत?" झोहराने विचारलं.

"मी कुठे बोलायचो? तो माशांचे भाव सांगायचा, मी ऐकायचो."

"मला नाही बाई माशांचे भाव कळत."

"माहीत आहे."

"कुठल्या बाजूने चालायचा तो?"

"समुद्राच्या. का?"

"मी दुकानांच्या बाजूने चालेन."

हेदीने काठी उचलली.

"फार हळू चालावं लागेल तुला."

"मला कुठे घाई आहे?"